नाताळच्या सुटीत लहानग्यांना कुठे न्यावे?



डिसेंबर संपत आला की शहरातल्या बिऱ्हाडांतून खेड्यातल्या बिऱ्हाडांत फोन येऊ लागतात. "पोरांना आठवडाभर सुटी आहे. हुरडा आला का?" गावच्या शाळेला बहुधा पंचवीस तारखेची एकच सुटी असते, शहरातल्या पुष्कळ शाळा मात्र दिवाळीचे काही दिवस कापून ते नाताळाला जोडतात. म्हणजे सुटी शहरातल्या पोरांची, आणि धावपळ गावच्या आत्या-मामांची! आता गावातलेही मास्तर, बाई, दुकानदार, नोकरदार ह्या दिवसांत आपली मुले घेऊन चार ठिकाणी जाऊ लागले आहेत. जायला हवेच. पण पाच-सात वर्षांचे मूल घेऊन जाणे आणि मोठ्या माणसांनी जाणे ह्यांत मोठा फरक आहे. तो फरक ध्यानात न घेतल्यामुळे कित्येक सहली रडण्यात आणि रागावण्यात संपतात, आणि क्वचित त्याहूनही वाईट रीतीने संपतात. आज त्याबद्दल थोडे बोलायचे आहे.

मी स्वतः ही चूक केलेली आहे. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची. एका दिवसात दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी आणि परतताना बीबी का मकबरा असा बेत मी मोठ्या हौसेने आखला होता. वेरुळात चौतीस लेणी आहेत. जमतील तितकी दाखवायचीच, असा हट्ट. किल्ल्याच्या निम्म्या चढावरच मुलगा खांद्यावर आला. वेरुळास पाचव्या लेण्यापर्यंत मुलीने तोंड उघडले नाही, आणि मकबऱ्यापाशी पोचलो तेव्हा दोघेही झोपलेली. रात्री मी मोठ्या आशेने विचारले, "काय काय पाहिलं रे आज?" मुलगा म्हणाला, "माकडानं त्या बाईंचा पेरू पळवला!" बस्स. साऱ्या दिवसाची कमाई एक माकड आणि एक पेरू.

पुढच्या खेपेस आम्ही गेलो ते फक्त सोळा नंबरच्या लेण्यात, कैलासात. तिथे दोन तास बसलो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळात, आठव्या शतकात, हे देऊळ वरून खाली कोरत आणले. बांधले नाही, कोरले. आधी शिखर आणि मग पाया! ही गोष्ट मोठ्या माणसाच्याही ध्यानात चटकन येत नाही. म्हणून मी घरून अंगाच्या साबणाची एक वडी नेली होती. तिथे देवळात नव्हे, बाहेर झाडाखाली बसून आम्ही ती चमच्याच्या दांड्याने वरून खाली कोरून पाहिली. एक कोपरा तुटला, तेव्हा मुलगी म्हणाली, "मग त्यांचा तुटला तर ते काय करायचे?" खरा प्रश्न हा. चिकटवायला दुसरा दगड नाही. मुलाने तेवढ्यात चौथऱ्यावर कोरलेले हत्ती मोजायला घेतले. मोजणी पुरी झाली नाही, पण आजही तो आकडा विचारला तर काही तरी ठोकून देतो. ही सहल त्यांना आठवते, आणि पहिली आठवत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की लहान मुलाला एका दिवसात एकच ठिकाण पुरे, आणि त्या ठिकाणातलीही एकच गोष्ट पुरे. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी, हे पाहून निघा. नाही तर दारावरून परत यावे लागते. अशा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडील स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही. आणखी एक करून पाहा. कुठेही गेलात की एकदा मुलाच्या उंचीइतके खाली बसा आणि तिथून पाहा. तुम्हाला शिखर दिसत होते, आता पुढच्या माणसाची पाठ दिसेल. संग्रहालयातली काचेची पेटी तुमच्या छातीशी येते, ती मुलाच्या कपाळाच्या वर असते. "एवढं आणलं तरी बघत नाही," म्हणून आपण ओरडतो. अहो, त्याला दिसतच नाही!

आता प्रवासाचे. एस.टी.त पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धेच तिकीट आहे, तेव्हा कुटुंबाचा खर्च पूर्वीइतका जड जात नाही. घाटात मुलांना उलट्या होतात. दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना हा त्रास अधिक. त्याचे कारण गंमतीचे आहे. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे एक यंत्र आहे. गाडी वळली की ते सांगते, "आपण हललो." पण मूल खाली मान घालून मोबाईलवर किंवा पुस्तकावर पाहत असेल तर डोळे सांगतात, "आपण जागच्या जागी आहोत." दोघांचे पटले नाही की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळते. उपाय तोच. मुलाला पुढच्या बाजूस बसवा, लांबवरचा रस्ता बघू द्या, हातातले काढून घ्या. अगदी उपाशी नेऊ नका आणि तेलकट पुऱ्या पोटभर चारूनही नेऊ नका.

दुचाकीवरून नेत असाल तर बेताने. चार वर्षांखालील मूल बरोबर असेल तर त्याला मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर जाता कामा नये, असा नियम केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला. चार वर्षांपुढच्या मुलाला तर हेल्मेट लागतेच. बापाच्या पुढे टाकीवर बसवलेले मूल थंडीच्या वाऱ्याची ढाल होते, हे मात्र कुठल्या नियमात सांगावे लागू नये. चुलीतून दोन बटाटे काढा, एक लहान, एक मोठा. लहान आधी निवतो. मुलाच्या अंगाचेही तसेच आहे. त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचा पसारा जास्त, म्हणून ऊब लवकर निघून जाते. देशावर ह्या दिवसांत सकाळी कडाका आणि दुपारी घाम असा प्रकार असतो. एकच जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घाला. ऊन चढेल तसे काढता येतात.

आता हुरड्याकडे वळू. मला विचाराल तर नाताळच्या सुटीत लहान मुलांसाठी ह्याहून चांगले ठिकाण नाही. त्याला तिकीट नाही, रांग नाही, आणि पाहण्यासारखे इतके आहे की दिवस पुरत नाही. पण आपल्याला त्यातले काही दिसत नाही, कारण आपण रोज तिथेच वावरतो. शहरातून आलेली मुले बांधावर उभी असतात आणि आपण त्यांना विचारतो, "काय मग, गोड लागला का?" बस, तिथेच थांबतो.

थोडे लवकर उठवून त्यांना हरभऱ्याच्या रानात न्या. उन्हे यायच्या आत. पानांवर दव असते, पण ते नुसते दव नाही. बोट लावून जिभेवर ठेवायला सांगा. आंबट! हरभऱ्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून आम्ल पाझरते, ते दवात मिसळते. हीच आंब. पूर्वी बायका रात्री रानावर स्वच्छ धोतराचे पान अंथरीत, पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरून ठेवीत आणि पोटदुखीवर थेंब थेंब देत. मुलाच्या हाती एक जुना पांढरा रुमाल द्या, तो पानांवरून फिरवू द्या आणि पिळू द्या. मात्र त्या रानात औषधाची फवारणी झाली असेल तर तिथे तोंडाला काहीही लावायचे नाही. हे पाहुण्याला कळणार नाही. रान तुमचे आहे, तुम्हीच सांगायचे.

मग ज्वारी. कणीस पोटऱ्यातून निघाले, फुलोरा झाला, दाण्यात दूध भरले, आणि दूध घट्ट होऊन दाणा कडक व्हायच्या आत जे थोडे दिवस मिळतात ते हुरड्याचे. ह्या दिवसांत दाण्यात साखर असते. पुढे तिचे पीठ होत जाते. म्हणूनच आज गोड लागलेले कणीस आठवड्याने तसे लागत नाही. मुलांना तीन कणसे आणून दाखवा. एक दुधातले, एक हुरड्याचे, एक पुढे गेलेले. नखाने दाणा फोडू द्या. गूळभेंडीचा दाणा आणि रोजच्या भाकरीच्या ज्वारीचा दाणा शेजारी ठेवा. ह्यासाठी मास्तरांची सुद्धा गरज नाही, आजोबा पुरेत. गावच्या शिक्षकांना मात्र मी सुचवीन, की शहरातून आलेली ही मुले आपल्या वर्गातल्या मुलांच्या हवाली करा. चौथीतल्या पोराला एकदा कळले की आपल्याला जे येते ते त्या इंग्रजी शाळेतल्या पाहुण्याला येत नाही, म्हणजे मग पाहा त्याची मान कशी ताठ होते ते!

आगटीपाशी मात्र डोळ्यांत तेल घालून बसावे. गोवऱ्यांचे निखारे वरून राखेने झाकलेले असतात. राख पांढरी, गार दिसणारी. मुलाला ती निवलेलीच वाटते. आगटीभोवती काठीने एक रेघ ओढा आणि "ही लक्ष्मणरेषा" म्हणून सांगा. रेघ मुलांना समजते, "जपून रे" समजत नाही. भाजले तर भाजलेल्या जागेवर गार पाणी वीस मिनिटे सोडत राहावे. टूथपेस्ट, शाई, हळद लावू नये. आणि चार वर्षांखालील मुलाच्या तळहातावर हुरडा-शेंगदाण्याची मूठ ठेवू नका. दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, मूल हसते, धावते, आणि दाणा घशात न जाता श्वासनळीत जातो. त्याला हुरडा द्यायचाच असेल तर वाटून, थालीपीठ लावून द्या. तेही छान लागते.

ज्यांच्या भागात ज्वारी नाही, ऊस आहे, त्यांनी गुऱ्हाळावर न्यावे. कोल्हापूरकडच्या वाचकांना मी काय सांगणार! चरकातून निघालेला रस हिरवट-काळसर का असतो, काहिलीत तो उकळू लागला की भेंडीचे चिकट पाणी का घालतात, त्याने मळी वर कशी येते, आणि गुळव्या नुसता बुडबुड्यांकडे पाहून "आता उतरा" कसे म्हणतो, हे सारे एका जागी बसून पाहण्यासारखे आहे. शंभर किलो उसातून साधारण दहा-बारा किलो गूळ निघतो. हा हिशेब मुलांनाच विचारा, की मग बाकीचे गेले कुठे? एक वाटा चिपाडात, आणि मोठा वाटा वाफ होऊन त्यांच्या डोळ्यांदेखत आढ्याकडे चालला आहे. पण काहिलीपासून दहा पावले दूर, आणि चरकापाशी सैल कपडे, ओढणी, मफलर घेऊन कुणीही नको. लहान मूल असेल तर ते कुणाच्या तरी कडेवरच हवे.

ऊसतोडीच्या भागातल्यांना आणखी एक सांगायचे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर ह्या तालुक्यांत बिबटे उसातच राहतात, उसातच पिले घालतात. तोडणी सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो आणि ते इकडे तिकडे फिरू लागतात. उकिडवे बसलेले किंवा वाकलेले लहान मूल बिबट्याला माणूस वाटत नाही, शिकार वाटते. तेव्हा दिवस मावळताना मुलांना शेताच्या कडेने एकटे सोडू नये, "बाहेरच जाऊन ये" म्हणू नये. सूर्य ह्या दिवसांत सहाच्या सुमारास मावळतो. पाचला मुले घरात आणि हातपाय धुतलेली असावीत.

आता विहिरीबद्दल. गावच्या मुलाला विहीर कुठे आहे हे पायांना ठाऊक असते. शहरातल्या मुलाला विहीर म्हणजे चित्रातली, गोल, कट्ट्याची, रहाट असलेली. आपल्या रानातली विहीर म्हणजे जमिनीबरोबर एक भोक, काठावर गवत, वरून वेल. शेततळे तर त्याहून फसवे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, उतार गुळगुळीत. आत पडलेले मूलच काय, पोहणारा मोठा माणूससुद्धा पाय घसरत राहिल्यामुळे वर येऊ शकत नाही. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी विहिरीभोवती बाभळीच्या फांद्या टाका. शेततळ्याला कुंपण नसेल तर निदान काठाच्या खुंट्याला गाठी मारलेला जाड दोर बांधून आत सोडून ठेवा. आणि आल्या दिवशी, चहाच्याही आधी, मुलांना हाताला धरून विहीर दाखवून आणा. लपवून ठेवलेली विहीर मूल शोधून काढते. दाखवलेली विहीर पाहून होते. पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाचे नाव घेऊन सांगा, "आता अर्धा तास मुलं तुझ्याकडे." "सगळे आहोत की इथे" असे ज्या ठिकाणी म्हटले जाते, तिथे कुणाचेच लक्ष नसते. मूल बुडते ते आरडाओरडा करून नाही. तोंड पाण्याखाली असताना ओरडता येत नाही. गप्प झालेले पोर आधी शोधावे.

पाण्याचा विषय निघाला म्हणून होडीचे सांगतो. ह्या दिवसांत भिगवणला पक्षी पाहायला खूप लोक जातात. जावेच असे ठिकाण आहे. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचे पाणी तिथे पसरले आहे, आणि उथळ पाण्यात हिवाळा सरता सरता रोहित पक्षी येतात. आपण त्यांना अग्निपंखही म्हणतो. हा पक्षी मान खाली घालून, चोच उलटी करून चरतो. चोचीतून पाणी गाळून बारीक किडे आणि शेवाळ तेवढे ठेवतो. त्याच खाण्यातल्या रंगाने त्याची पिसे गुलाबी होतात. पिलू मात्र करड्या रंगाचे असते. मुलांना हे सांगितले की ती दिवसभर आपल्या हाताचा रंग तपासत बसतात आणि बीट खाऊ का म्हणून विचारतात! डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला बदकासारखा पक्षी दिसला तर तो पट्टकादंब. तो हिमालय ओलांडून आलेला असतो. नाशिककडच्यांना नांदूरमध्यमेश्वर जवळ पडेल. रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले ते पहिले पाणस्थळ, २०२० साली.

पण होडीत बसण्यापूर्वी थांबा. ह्याच उजनीच्या पाण्यात २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा जण गेले. त्यांत अगदी लहान मुलेही होती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या ऐन तोंडावर, मुंबईहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे प्राणाला मुकली. होडीतले जाकीट नुसते हाती असून भागत नाही. ते अंगात, पट्टे आवळून आणि मुलाच्याच मापाचे हवे. परीक्षा सोपी आहे. जाकीट घातल्यावर दोन्ही खांद्यांशी धरून वर उचला. ते हनुवटीच्या वर, कानांकडे सरकले, तर पाण्यात मूल खाली राहील आणि जाकीट वर. दुसरे मागा. मुलाच्या मापाचे नसेल तर होडी करू नका. भाडे दिलेले असले तरी उतरा. नावाडी नाराज होईल, घरचेही म्हणतील, "एवढ्यासाठी?" म्हणू द्या. पक्षी काठावरूनही दिसतात.

गर्दीच्या ठिकाणी मूल हरवण्याची भीती खरी असते. घरून निघतानाच मुलाच्या खिशात चिठ्ठी घाला. तिच्यावर मुलाचे नाव नको, आपला फोन नंबर हवा. नाव वाचून कुणीही परका "ये बाळ" म्हणून हाक मारू शकतो. सकाळी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाईलवर काढून ठेवा. "हरवलास तर हलायचं नाही, उभा राहा, आम्ही शोधत येतो," हे दोनदा वदवून घ्या. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे नंबर आहेत, आणि रेल्वेत १३९.

आता ज्या सणाची ही सुटी, त्याचे दोन शब्द. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांकडून मराठीत आला, जन्म ह्या अर्थाचा. वसई भागात घरोघर आणि चौकाचौकांत येशूजन्माचे गोठे मांडतात. गवत, माती, कागदाचे डोंगर, खरे पाणी सोडलेला ओढा. आपल्या दिवाळीतल्या किल्ल्याची सख्खी भावंडेच ती! गोव्यातही तसेच. पण इतक्या लांब कशाला? अहिल्यानगर, जालना ह्या भागांत कित्येक गावी ख्रिस्ती घरे आहेत. आपल्या गावात असतील तर पंचविसाच्या संध्याकाळी मुलांना घेऊन त्यांच्याकडे जा. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जातोच. एका शिक्षिकेने मला सांगितले, की तिच्या वर्गातल्या ख्रिस्ती मुलीच्या घरचा गोठा पाहायला सगळा वर्ग गेला. आल्यावर मुलांनी पहिली तक्रार केली ती ही, की गोठ्यात गाय होती, गाढव होते, मेंढ्या होत्या, पण म्हैस नव्हती. पुढच्या वर्षी म्हैस बसली.

मुक्कामाला असाल तर रात्री जेवणे झाल्यावर मुलांना घोंगडीत गुंडाळून अंगणात काढा. आठच्या सुमारास पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो. चार कोपऱ्यांना चार तारे आणि मधोमध एका ओळीत तीन, तो बाण. त्या ओळीतून नजर खाली ओढत नेली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. तीच ओळ उलट वर नेली की तांबूस रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा घोस. घोसात किती तारे दिसतात ते प्रत्येकाने मोजायचे. आजीला कमी दिसतील, नातवाला जास्त. ह्याला दुर्बीण लागत नाही. अंगणातला दिवा मात्र मालवावा लागतो, आणि तेच हल्ली अवघड झाले आहे.

शिक्षकांसाठी एक काम सांगून थांबतो. "मी केलेली सहल" हा निबंध ह्या खेपेला घालू नका. त्याऐवजी मुलांना एक मीटर लांबीची सरळ काठी सपाट जमिनीवर उभी करायला सांगा. बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. पुणे-कोल्हापूरकडे सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नव्हे, साडेबारा उलटल्यावर. नागपूरकडे सव्वाबाराच्या सुमारास. आपले घड्याळ आपल्या पूर्वेला असलेल्या रेखांशाचे आहे, म्हणून असे. ह्या आठवड्यातली ही सर्वांत आखूड सावली कोल्हापुरास सुमारे ८४ सेंटिमीटर, पुण्यास ९० आणि नागपुरास ९८-९९ भरेल. मामाच्या गावाला गेलेल्या मुलाने तिथे मोजावी, घरी राहिलेल्याने घरी, आणि शाळा भरली की आकडे फळ्यावर लिहावेत. दोन गावांच्या आकड्यांत फरक का, हे मुलांना आपसात भांडू द्या. मग ती काठी जपून ठेवा. मे महिन्यात सूर्य एकेका गावाच्या बरोबर डोक्यावर येतो; कोल्हापुरास सहा-सात तारखेला, पुण्यास तेरा-चौदाला, नाशकास वीसच्या आसपास, नागपुरास सव्वीसच्या सुमारास. त्या दिवशी मुले उन्हाळ्याच्या सुटीवर असतील, पुन्हा मामाकडेच असतील. काठी तिथे उभी करायची, आणि सावली कुठे गेली ते शोधायचे.